साडेबारा चौरस मीटरचा हिशेब

पुण्यात रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचा विषय निघाला की चर्चा दोन दिवसांत संपते. एक बाजू म्हणते, ही सामान्य माणसाची लूट आहे. दुसरी म्हणते, पुणेकरांना शिस्त नाही, दंडाशिवाय ते ऐकणार नाहीत. मग तिसरा कोणी बहुमजली वाहनतळ बांधा म्हणतो आणि त्यावर सगळ्यांचं एकमत होतं, कारण त्यात आज कोणालाच काही करावं लागत नाही. मार्च २०१८मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेत पार्किंग धोरण आलं तेव्हा हेच घडलं. विरोध इतका झाला की अख्ख्या शहराऐवजी पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं आणि तो प्रयोग कागदावर राहिला. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, म्हणजे मतांची भीती नसलेले दिवसही आले, तरी फाइल हलली नाही. मे २०२५मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, असं जाहीर केलं. पुन्हा तेच आक्षेप आणि तीच उत्तरं ऐकायला मिळाली. इतक्या वर्षांच्या वादात एक साधा प्रश्न कोणी नीट विचारलेला नाही: दुकानाच्या दारासमोरची जागा कोणाला मिळावी, किती वेळ मिळावी आणि तिची किंमत कोणी मोजावी?

हा प्रश्न सबंध शहराबद्दल विचारला की उत्तर गुळमुळीत होतं. शहराच्या टोकाच्या धायरीचं दुखणं वेगळं, वाघोलीचं वेगळं. म्हणून मी इथे एकच भाग घेतो: लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग, मंडई आणि त्यांच्या मधल्या गल्ल्या, अलका टॉकीज चौकापासून सोन्या मारुती चौकापर्यंत, एका अंगाला केळकर रस्ता, दुसऱ्या अंगाला कुमठेकर रस्ता. माझं मत असं की या भागात उपायांचा क्रम ठरवता येतो. आधी रस्त्याकडेच्या प्रत्येक जागेला वेळेनुसार पैसे लावावेत, गल्ल्यांसकट, एकाच दिवसापासून. आलेला पैसा त्याच पेठांत खर्च व्हावा. त्यानंतर असलेले वाहनतळ पुरते भरावेत. नवा वाहनतळ बांधायचा विचार सर्वांत शेवटी. आपण गेली कित्येक वर्षं उलट्या टोकाने सुरुवात करत आलो आहोत.

आधी जागेचा हिशेब बघू. बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. दुचाकीला दोन चौरस मीटर. पेठेत १३५ चौरस फुटांत अख्खं दुकान चालतं, त्यावर एक कुटुंब जगतं आणि त्याचं भाडं महिन्याला हजारोंनी मोजलं जातं. त्याच दुकानासमोरचे १३५ चौरस फूट मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत मोटार ठेवायला फुकट मिळतात. शेजारीच पदपथावर कानातली किंवा रुमाल विकणारी परवानाधारक बाई बसते. तिची जागा मोटारीच्या निम्मीसुद्धा नसते. २०१४च्या फेरीवाला कायद्याने तिला हक्क दिला, सोबत जागा ठरवून दिली आणि शुल्कही लावलं. ते थकलं तर तिचा माल उचलला जातो. रस्त्याची जागा वापरणाऱ्या दोघांपैकी जिचं पोट त्यावर चालतं तिच्याकडून भाडं घ्यायचं आणि जो तिथे गाडी ठेवून निघून जातो त्याला माफी द्यायची, हा न्याय कुठल्या तत्त्वात बसतो? केंद्राच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात स्पष्ट म्हटलं आहे की पार्किंगचं शुल्क अडवलेल्या जमिनीच्या खऱ्या मोलाला धरून असावं. ते धोरण आपण गुंडाळून ठेवलं आहे.

फुकट जागेचे पैसे कोणीतरी भरतच असतं. पदपथ अरुंद राहतो म्हणून रस्त्यावर उतरून चालणारी आजी ते भरते. दुसऱ्या ओळीत उभ्या गाडीमुळे खोळंबलेली बस भरते. जागा शोधत त्याच चौकाला तीनदा फेरी मारणारा दुचाकीस्वार पेट्रोलमध्ये भरतो. यांपैकी कोणालाच पावती मिळत नाही, म्हणून तो खर्च आपल्याला दिसत नाही.

पार्किंगला पैसे लावणं म्हणजे गिऱ्हाईक हाकलणं, असं आपल्याकडचे व्यापारी समजतात. म्हणून ही कल्पना मुळात कोणाची, हे त्यांना सांगायला हवं. जगातलं पहिलं पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं. तासाला पाच सेंट. ते बसवण्यामागे तिथल्या व्यापारी मंडळाच्या वाहतूक समितीचे प्रमुख कार्ल मगी होते. तक्रार अशी होती की बाजारपेठेतल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत काम करणारे लोक सकाळी येऊन गाड्या लावतात, त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत आणि गिऱ्हाइकाला थांबायला जागा उरत नाही. मीटरं आधी रस्त्याच्या एकाच बाजूला लावली. त्या बाजूला जागा मोकळ्या होऊ लागल्या, गिऱ्हाइकं फिरू लागली, तशी समोरच्या बाजूच्या दुकानदारांनी आमच्याकडेही लावा, अशी मागणी केली. जगभर पसरलेली ही व्यवस्था सरकारने बाजारावर लादलेली नव्हती. ती बाजाराच्याच गरजेतून आली.

हेच गणित लक्ष्मी रस्त्यावर मांडून बघा. दुकानं साधारण दहा तास उघडी असतात. दारासमोरच्या जागेत मालकाने किंवा नोकराने सकाळी गाडी लावली तर त्या जागेचा दिवसभरात एका माणसाला उपयोग झाला, आणि तोही गिऱ्हाईक नसलेल्या. तीच जागा सरासरी चाळीस मिनिटांनी मोकळी झाली तर पंधरा गिऱ्हाइकं तिथे थांबून गेली. एक वीट न रचता एका जागेच्या पंधरा जागा झाल्या. मोटारीच्या जागी दुचाक्या लावल्या तर हा आकडा आणखी सहापट होतो. बाजारपेठेत सकाळी नऊ-दहाला चक्कर मारून कोणाच्या गाड्या आधी लागतात ते पाहावं. दुकानांच्या मालकांच्या, कामगारांच्या, वरच्या मजल्यावरच्या कचेऱ्यांतल्या लोकांच्या आणि काही तर महिनोनमहिने धूळ खात पडलेल्या. बाराला खरेदीला आलेल्याने मग कुठे जायचं?

दर किती असावा, हा प्रश्न आपण सभागृहातल्या घासाघिशीवर सोडतो. त्यापेक्षा सरळ कसोटी आहे. दिवसाच्या कुठल्याही वेळी प्रत्येक टप्प्यात एक-दोन जागा मोकळ्या सापडतील, इतका दर हवा. सगळ्या जागा भरत असतील तर तो कमी आहे, अर्ध्या रिकाम्या राहत असतील तर जास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०११पासून काही भागांत असा प्रयोग केला. गल्लीनुसार आणि वेळेनुसार दर ठरवले आणि ठरावीक काळाने बदलले. गर्दीच्या ठिकाणी ते वाढले, इतरत्र उतरले आणि एकंदर सरासरी थोडी खालीच आली. लूट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्या गल्लीत दुपारी दोन ते चार शुकशुकाट असतो तिथे त्या वेळात एक रुपयासुद्धा घेऊ नये, असंच ही कसोटी सांगते. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी कुंटे चौकात मात्र चांगला चढा दर लागेल आणि तो लागायलाच हवा.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. आधी बस द्या, मग पैसे मागा, असं ते म्हणतात. यात खूप तथ्य आहे. २००७मध्ये दोन परिवहन संस्था एकत्र करून पीएमपीएमएल झाली, पण पुण्या-पिंपरीच्या वाढीला पुरतील इतक्या बस कधीच आल्या नाहीत. माणसाने दुचाकी घेतली ती हौसेने नाही, थांब्यावर उभं राहून कंटाळल्यावर घेतली. एप्रिल २०१८च्या सुमारास आरटीओकडच्या नोंदीनुसार पुण्यातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली, म्हणजे माणसांच्याही पुढे, आणि त्यांतल्या सुमारे २७ लाख दुचाक्या होत्या. या आकड्यांमागे बसव्यवस्थेचं अपयश आहे आणि त्याची शिक्षा प्रवाशाला नको, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण हा आक्षेप धायरीत जितका खरा आहे तितका मंडईत राहिलेला नाही. २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं थेट बाजाराच्या पायाखाली आली. त्याआधीच वनाजकडून येणाऱ्या मार्गावर डेक्कनचं स्थानक झालं होतं. शहरात या भागाइतकी सार्वजनिक वाहतूक दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी एकवटली आहे. इथेही अजून वेळ आली नाही असं म्हणायचं, तर ती कुठे येणार? दुसरं म्हणजे पार्किंगला पैसे लावल्याने कोणाला बसमध्येच बसावं लागतं, असं नाही. सिंहगड रस्त्यावरून दुचाकीने येणारा दुचाकीनेच येईल. फरक इतकाच की त्याला पाच-दहा रुपयांत पोहोचल्याबरोबर जागा मिळेल. आणि आधी बस म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की पेठांतली बस अडते ती कडेच्या गाड्यांमुळेच. बस सुधारण्याची एक पायरी रस्त्याची कड मोकळी करण्यातूनच जाते.

व्यापाऱ्यांची भीती दुसरी. पैसे लावले की गिऱ्हाईक मॉलला जाईल. मी ही भीती हलकी मानत नाही. ऑनलाइन खरेदीने आधीच यांच्या तोंडचं पाणी पळवलं आहे. मात्र मॉलमध्ये पार्किंगला पैसे लागतात, हे आपण सगळे जाणतो, आणि तिथे ते मुकाट्याने मोजतो. २०१९मध्ये महापालिकेने मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंग शुल्क घेऊ नका असं बजावलं होतं. लोकांच्या जमिनीवर भाडं मागायला कचरणारी महापालिका खासगी इमारतीतलं भाडं माफ करायला निघाली, तेव्हा तिने अजाणता मॉलचीच बाजू बळकट केली. माणूस मॉलला जातो तो जागा नक्की मिळेल या खात्रीने, आणि आत गेल्यावर गाडीचा धक्का न लागता फिरता येतं म्हणून. या दोन्ही गोष्टी लक्ष्मी रस्त्यावर देता येतात. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला २०२१पासून लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम ते गरुड गणपती हा टप्पा वाहनांना बंद केला जातो. त्या दिवशी तिथे माणसं नसतात का? विसर्जनाच्या दिवशी या रस्त्यावर एक चाक फिरत नाही आणि लोक लाखांनी येतात. अर्थात उत्सव वेगळा आणि साडी घ्यायला येणं वेगळं, हा प्रतिवाद मला मान्य आहे. म्हणूनच मी रस्ता कायमचा बंद करा असं म्हणत नाही. गिऱ्हाईक कसं येतं याबद्दल दुकानदाराचा अंदाज चुकू शकतो, इतकंच दाखवायचं आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये २००६च्या एका पाहणीत दुकानदारांना वाटत होतं की ४१ टक्के गिऱ्हाइकं मोटारीने येतात. प्रत्यक्षात ती २२ टक्के निघाली. जो गाडी लावून दुकानात शिरतो तो डोळ्यांत भरतो, चालत आलेला भरत नाही. पुण्यातल्या व्यापारी संघटनांनी स्वतःच आठवडाभर दारात माणूस उभा करून गिऱ्हाइकांना विचारावं. खर्च काहीच नाही आणि वादाला भक्कम पाया मिळेल.

कंत्राटदाराचा मुद्दा मात्र असा आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्याचा अधिकारच कोणाला नाही. ‘पे अँड पार्क’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पावती न देता वीसचे चाळीस मागणारा, हुज्जत घालणारा माणूस येतो. हा अनुभव खरा आहे. पण त्याचं मूळ ठेक्याच्या रचनेत आहे. ठेकेदार महापालिकेला वर्षाची ठरलेली रक्कम देतो आणि वर जे जमेल ते त्याचं. मग तो जास्त गाड्या कोंबणार, जास्त पैसे उकळणार आणि हिशेब दडवणार. उपाय असा की पैसे थेट महापालिकेच्या खात्यात जावेत, यूपीआयने किंवा यंत्राच्या पावतीने, आणि चालवणाऱ्याला त्याच्या कामाचा ठरलेला मोबदला मिळावा. वसुली किती झाली याच्याशी त्याच्या कमाईचा संबंधच ठेवू नये. भाजीवाली क्यूआर कोडवर पैसे घेते त्या शहरात हे जमणार नाही, असं कोणी म्हणू नये. ठेक्याची ही पद्धत बदलणार नसेल तर मी स्वतः या योजनेच्या विरोधात उभा राहीन.

दुचाकीला सूट हवी, ही मागणी सर्वपक्षीय आहे आणि कळकळीचीही आहे. घरकामाला जाणारी बाई, माल पोहोचवणारा मुलगा, शाळेतले शिपाई अशा कित्येकांची गाडी जुनी, हप्त्यावर घेतलेली असते. त्यांच्या दिवसाच्या कमाईत दहा रुपयेही दिसतात. तरी सरसकट सूट चूक आहे. ज्या शहरात चारांतली तीन वाहनं दुचाक्या आहेत तिथे दुचाकी वगळून पार्किंगचं व्यवस्थापन होत नाही. शिवाय सर्वांत गरीब माणूस दुचाकीवरही नाही, तो चालतो आहे, आणि दुचाक्यांनी भरलेल्या पदपथाचा त्रास त्यालाच आहे. न्याय जागेच्या प्रमाणात करावा. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाक्या मावतात. मोटारीला तासाला तीस रुपये तर दुचाकीला पाच, असा तो हिशेब येतो. बाजारात रोज कामाला येणाऱ्यांना वाहनतळात अगदी स्वस्त मासिक पास द्यावा, थोडं चालावं लागेल अशा ठिकाणी. दारासमोरची जागा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यासाठीच असावी.

रहिवाशांचं दुखणं मला सर्वांत अवघड वाटतं. पेठांतले वाडे गाडी नावाची वस्तू नव्हती तेव्हाचे. तिथे तीन पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला उद्या अचानक स्वतःच्या दारात गाडी लावायला बाहेरच्याइतके पैसे भरा म्हणणं निष्ठुरपणाचं होईल. घरटी एका दुचाकीला नाममात्र वार्षिक परवाना, मोटारीला त्याहून बराच जास्त, दुसऱ्या मोटारीला परवाना नाही, आणि हे सगळं प्रामुख्याने रात्रीच्या वेळेसाठी, अशी तडजोड मला रास्त वाटते. पण यासोबत महापालिकेने एक काम करायलाच हवं, जे पैसे लावण्यापेक्षा कठीण आहे. पुनर्विकास झालेल्या कित्येक इमारतींत मंजूर नकाशावर पार्किंग असलेल्या तळमजल्यावर आणि तळघरात आज गोदामं आणि दुकानं आहेत. ती जागा रहिवाशांची होती. ती मोकळी न करता रहिवाशाला परवाना घ्यायला लावणं म्हणजे ज्याची जागा गेली त्यालाच पुन्हा पैसे भरायला लावणं.

सरनाईकांच्या घोषणेचंही खरं कुलूप इथेच आहे. गाडी घेण्याआधी जागा दाखवा, हा नियम जपानमध्ये १९६२च्या कायद्याने आला आणि तिथे तो चालला. तिथे पोलीस जागेची खातरजमा करतात आणि रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला मुळातच मनाई आहे. रस्ता फुकट ठेवून प्रमाणपत्र मागितलं तर लोक प्रमाणपत्र आणतील आणि गाडी रस्त्यावरच लावतील. नकाशावरच्या पार्किंगचं गोदाम होताना जी यंत्रणा पाहत राहिली तिच्याच भरवशावर हे प्रमाणपत्र द्यायचं का? आधी रस्त्याला किंमत यावी, मग तो नियम अर्थपूर्ण होईल. नुसत्या दंडाचंही तसंच आहे. मुंबई महापालिकेने जुलै २०१९मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावल्यास दुचाकीला पाच हजारांपासून अवजड वाहनाला २३ हजारांच्या पुढे दंड ठेवला. इतका जबर दंड रोज, प्रत्येक गल्लीत, प्रत्येकाला करणं कुठल्याच यंत्रणेला झेपत नाही, आणि पुढे ते दंड खाली आणावे लागले. दहा रुपये दररोज आणि हमखास वसूल होणं हे दहा हजार कधीतरी कोणाकडून तरी वसूल होण्यापेक्षा जास्त शिस्त लावतं.

आणि वाहनतळ? बांधू नका असं मी म्हणत नाही. पण जे आहेत त्यांचं काय केलं ते आधी सांगा. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा ही एकेकाळची चित्रपटगृहं गेली, तिथे आज वाहनतळ आहेत. सतीश मिसाळ वाहनतळ आहे, नारायण पेठेत हमालवाड्याचा आहे. म्हणजे चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर महापालिकेने जागा आणि पैसा घातलेला आहे. बाहेर दारासमोर फुकट आणि आत पैसे, वर जिना किंवा उतार चढायचा. अशा वेळी शहाणा माणूस आधी बाहेरच जागा शोधणार, नाही मिळाली तरच आत जाणार. दर नेमके उलटे हवेत: दारासमोर महाग, वाहनतळात स्वस्त. मुंबईत बिल्डरांना जादा एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, देऊन सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले, त्यांतले कित्येक बरीच वर्षं निम्मेही भरत नव्हते, कारण खालचा रस्ता फुकट होता. त्या अनुभवानंतरही आपण नव्या इमारतींच्या गोष्टी करतो.

मंडईच्या इमारतीपुढे उभं राहून हा वाद घालताना एका जुन्या वादाची आठवण व्हायला हवी. शनिवारवाड्यापुढे भरणारा बाजार हलवून १८८६मध्ये रे मार्केट उभं राहिलं. त्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणारे जोतीराव फुले होते. त्यांचं म्हणणं, हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. मंडई बांधली गेली ते वाईट झालं असं आज कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण फुल्यांनी विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे: नगरपालिकेचा पैसा आधी कोणासाठी? कोट्यवधींचा वाहनतळ सर्वांच्या करातून उभा राहतो आणि वापरतो गाडीवाला. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने त्याचे पैसे का भरावेत? गाडीवाल्यांनी दिलेल्या शुल्कातून निधी साठला आणि असलेले वाहनतळ खरोखर भरून वाहू लागले, तर नवा बांधायला माझी हरकत नाही.

राहिला प्रयोगाचा आकार. २०१८मध्ये शहरभर विखुरलेले पाच रस्ते निवडायचं ठरलं, आणि नंतरच्या प्रस्तावांचाही सूर तोच. हे मला घातक वाटतं. एका रस्त्याला पैसे लावले की गाड्या शेजारच्या गल्लीत घुसतात, गल्लीतले लोक चिडतात आणि सहा महिन्यांत प्रयोग फसला म्हणून जाहीर होतं. २००६च्या डिसेंबरमध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, सुरू करण्याचा मान पुण्याने घेतला. पण मार्गिका सलग नव्हती, स्थानकं अर्धवट, रस्ता ओलांडायची सोय नाही. बीआरटी ही कल्पनाच वाईट, असं मत त्या अर्धवटपणातून तयार झालं आणि शहर वीस वर्षं त्याची किंमत मोजत आहे. पार्किंगचं तसं व्हायला नको. एकच भाग घ्यावा, पण पुरता: मुख्य रस्ता, गल्ल्या, वाहनतळ, मालाच्या टेम्पोंसाठी सकाळी दहाच्या आतली वेळ, हमालांच्या हातगाड्यांसाठी राखीव जागा, अपंगांसाठी प्रत्येक चौकात हक्काची जागा, सगळं एकाच दिवशी.

पैसा कुठे जाणार, यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेतल्या पासाडेना शहराच्या जुन्या बाजारात १९९३मध्ये मीटर बसवायला दुकानदारांचा असाच विरोध होता. तो निवळला, कारण शहराने कबूल केलं की मीटरचा पैसा याच बाजारात खर्च होईल. त्यातून पदपथ, दिवे, झाडं, मागच्या बोळांची दुरुस्ती झाली आणि उतरणीला लागलेला बाजार पुन्हा गजबजला. आपल्याकडे हाच पैसा महापालिकेच्या समुद्रात गेला तर लोक त्याला लूट म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल. म्हणून मुख्य सभेच्या ठरावातच या भागासाठी वेगळं खातं हवं, दर ठरवणाऱ्या समितीत व्यापारी, रहिवासी आणि पथारीवाले हवेत आणि दर महिन्याची जमा व खर्च बेलबाग चौकात फलकावर लागायला हवा. पहिल्या वर्षीच्या पैशातून काय व्हावं, हे ठरवायलाही फार वेळ लागू नये. बाहेरून दिवसभरासाठी येणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं आधी, कारण त्यांच्या जोरावर हा बाजार चालतो आणि त्यांच्यासाठी इथे सर्वांत कमी सोय आहे. मग पथारीवाल्यांच्या ठरलेल्या जागा आखून पदपथ मोकळा करणं. आणि मंडई मेट्रो स्थानकाच्या दारापासून तुळशीबागेपर्यंत एकसलग, पायरीविना पदपथ. अंतर काही मिनिटांचं आहे, पण आज ते चाकाच्या खुर्चीवरून कोणाच्या मदतीशिवाय पार करता येत नाही.